शपथ घेणाऱ्याला जमीन, इमान राखणाऱ्याला नोटीस

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

लग्न करायचंय? मग आधी नवरा-नवरी दोघांनी सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची, त्याशिवाय लायसन्स नाही. आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्यानेही तीच शपथ घेतलेली हवी.

थट्टा नाही. २८ एप्रिल १८६५ ला अमेरिकेतल्या रिचमंड शहरात जनरल हॅलेकने हा हुकूम काढला होता. रिचमंड म्हणजे बंडखोर दक्षिणेची राजधानी, ती नुकतीच पडली होती. हुकमाची प्रत वॉशिंग्टनला युद्धमंत्री स्टँटनकडे पाठवताना हॅलेकने वर मल्लिनाथी केली, की 'औरस' बंडखोरांची पैदास शक्य तेवढी रोखायची तजवीज केली आहे. विनोद लष्करी होता, हुकूम मात्र अगदी खरा.

अमेरिकेचं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याकडे मुंबईचा कापूस आठवतो. दक्षिणेतला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सगळा फुगा फुटला. ती गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. पण तिकडे लढाई संपल्यावर पुढे काय झालं? लाखो माणसं चार वर्षं देशाविरुद्ध लढली किंवा लढणाऱ्यांना धान्य, घोडे, पोरं पुरवत राहिली. आता तीच माणसं परत 'नागरिक' करायची होती. सगळ्यांना फाशी देता येत नाही, सगळ्यांना तुरुंगात टाकता येत नाही. मग करायचं काय?

सरकारने उत्तर काढलं ते शपथेचं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बेलभंडारा उचलून इमानाच्या शपथा व्हायच्या. आजही तहसील कचेरीबाहेरचा टायपिंगवाला न विचारता 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं टाईप करून मोकळा होतो. पण बेलभंडारा उचलणारा देवाला घाबरायचा आणि प्रतिज्ञापत्रवाला फक्त खिडकीवरच्या साहेबाला घाबरतो. अमेरिकेत त्या वर्षांत या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या होत्या. वर 'सर्वशक्तिमान परमेश्वराच्या साक्षीने', आणि पुष्कळदा खाली उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, वय. म्हणजे शपथही आणि ओळखपत्रही.

हा कागद जवळ ठेवावा लागे, कारण त्याच्यावाचून अडायचं. जिंकलेल्या शहरांत लष्कराकडून शिधा हवा असेल, दुकान चालवायचं असेल, वकिली करायची असेल, तर कागद दाखवा. युद्ध चालू असतानाच हे सुरू झालं होतं. १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स ताब्यात आल्यावर जनरल बटलरने तिथे शपथा घ्यायला लावल्या, आणि ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांना शत्रू म्हणून नाव नोंदवायला लावलं. मिझुरीत तर नुसती शपथ पुरत नसे. संशयिताला पैशाचा जामीन आणि जामीनदारही द्यावा लागे. शपथ मोडली तर पैसे जप्त.

बंडखोरांच्या बाजूनेही हेच चालू होतं. ज्या मुलखात आज हे सैन्य, उद्या ते सैन्य, तिथल्या शेतकऱ्यावर दोन्हीकडून शपथा लादल्या जात. त्याला पीक काढायचं होतं, घर जळू द्यायचं नव्हतं. उत्तरेच्या कैद्यांच्या छावण्यांतले दक्षिणी सैनिक शपथ घेण्याला 'कुत्रा गिळणं' म्हणायचे. किळस येते, पण गिळला की बाहेर. काही हजारांनी गिळला आणि थेट उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन पश्चिम सीमेवर गेले.

या शपथा दोन जातीच्या होत्या, आणि हा फरक लक्षात ठेवा. एक पुढची शपथ: 'यापुढे मी राज्यघटनेशी एकनिष्ठ राहीन.' दुसरी मागची शपथ: 'मी कधीच बंडखोरांना मदत केली नाही, शस्त्र उचललं नाही, उत्तेजन दिलं नाही.' पहिली कोणीही घेऊ शकतो. दुसरी फक्त निष्कलंक माणूस घेऊ शकतो. किंवा सराईत खोटारडा.

लिंकन पहिल्या जातीचा माणूस. ८ डिसेंबर १८६३ ला त्याने जाहीरनामा काढला: यापुढे इमानी राहण्याची आणि गुलाममुक्तीचे हुकूम पाळण्याची शपथ घ्या, माफी घ्या. बडे अधिकारी वगैरे काही अपवाद. एखाद्या राज्यात १८६० च्या मतदारांपैकी एक दशांश लोकांनी शपथ घेतली तरी तिथे नवं सरकार उभं करायला तो तयार होता. आपण चूक केली नाही अशी शपथ माणसाकडून घ्यायला लावणं मला तत्त्वतः पटत नाही, त्याने यापुढे चूक केली नाही म्हणजे पुरे, असं त्याने स्टँटनला लिहूनच कळवलं होतं.

काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, हे फार मऊ वाटलं. त्यांनी २ जुलै १८६२ लाच मागच्या जातीची शपथ कायद्यात आणून ठेवली होती. लोक तिला 'पोलादी शपथ' म्हणत. केंद्र सरकारची कुठलीही नोकरी हवी तर ही घ्या. १८६५ च्या जानेवारीत ती केंद्रीय न्यायालयांतल्या वकिलांनाही लावली.

परिणाम काय झाला बघा. युद्धानंतर दक्षिणेत टपाल परत सुरू करायचं होतं, पण पोस्टमास्तर मिळेनात! गावातला लिहिता-वाचता पुरुष एक तर सैन्यात होता, नाहीतर सैन्याला काहीतरी पुरवत होता. मग पुष्कळ गावांत बायकांना पोस्टमास्तर नेमलं, कारण त्या ही शपथ खरेपणाने घेऊ शकत होत्या. (ज्यांना आपले सरपंचपती आठवले त्यांनी हसून घ्यावं.)

आणखी एक गंमत. पुढे ज्यांच्यावरची बंदी काँग्रेसने उठवली अशा माजी बंडखोरांसाठी १८६८ मध्ये एक सोपी, पुढच्या जातीची शपथ केली. पोलादी शपथ मात्र बाकीच्यांना कायम राहिली. म्हणजे जो बंडात होता त्याला छोटी शपथ आणि जो पहिल्यापासून देशाच्या बाजूने होता त्याला लांबलचक. हा प्रकार १८८४ पर्यंत चालला. सरकारी फॉर्म एकदा छापला की त्याचं काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

या मागच्या शपथेचं टोक गाठलं मिझुरी राज्याने. १८६५ च्या त्यांच्या नव्या घटनेत शपथेला तीसपेक्षा जास्त कलमं होती. नुसतं शस्त्र उचलणं सोडा, शब्दाने किंवा कृतीने बंडखोरांबद्दल सहानुभूती दाखवलीत तरी तुम्ही बाद. आणि ही शपथ मतदारांना, ज्यूरीत बसणाऱ्यांना, वकिलांना, शिक्षकांना, पाद्र्यांनाही. फादर कमिंग्ज नावाच्या एका कॅथलिक पाद्र्याने शपथ न घेता चर्चमध्ये प्रवचन दिलं. पाचशे डॉलर दंड, आणि भरेपर्यंत तुरुंग.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जानेवारी १८६७ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: ही पात्रतेची अट नाही, ही शिक्षा आहे. कोर्टात खटला न चालवता विधिमंडळाने दिलेली, आणि जे कृत्य करताना गुन्हा नव्हतं त्याच्यासाठी मागाहून दिलेली. वर आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते, ती उलटी करून आरोपीला स्वतःचं निरपराधित्व शपथेवर सांगायला लावलं. त्याच दिवशी गारलँड नावाच्या वकिलाच्या बाजूनेही निकाल लागला. हा बंडखोरांच्या काँग्रेसचा सभासद होता, राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिलेली होती. पुढे १८८५ मध्ये हाच गारलँड अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल झाला!

हे निकाल कायद्याच्या दृष्टीने मला बरोबर वाटतात. मिझुरीची शपथ माणसाच्या मनात शिरून झडती घेणारी होती. इतिहासाच्या पुस्तकांत हा विषय बहुधा इथेच संपतो: शपथ जाचक होती, न्यायालयाने वाचवलं. पण मला खटकतं ते हे, की या सगळ्या हकिगतीत शपथ घ्यावी लागणाऱ्याचं दुःखच आपण ऐकतो. शपथ घेतल्यावर त्याला काय मिळालं आणि ते कोणाच्या ताटातून काढून दिलं, हे कोणी सांगत नाही. तेच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

थोडं मागे, १८६५ च्या जानेवारीत जाऊ. जनरल शर्मनचं सैन्य जॉर्जियातून समुद्रापर्यंत पोचलं होतं आणि त्याच्या मागे हजारो मुक्त झालेले गुलाम. त्यांचं करायचं काय? १६ जानेवारीला शर्मनने हुकूम काढला. चार्ल्स्टनच्या दक्षिणेकडची बेटं आणि किनारपट्टी, मळेवाले जी टाकून पळाले होते, ती या लोकांसाठी राखून ठेवायची. कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे ४० हजार माणसं ४ लाख एकरांवर वसली. पेरणी केली, झोपड्या बांधल्या. ज्या जमिनीवर त्यांच्या आजा-पणजांनी चाबकाखाली कापूस आणि भात पिकवला होता, तिच्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी पीक घेतलं. हातात सरकारी कागद होता. पक्का सातबारा नव्हे, ताबा देणारा कागद.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला.

हा जॉन्सन टेनेसीचा, मूळचा शिंपी. युद्धात तो टेनेसीचा लष्करी गव्हर्नर होता आणि तेव्हा शपथेच्या बाबतीत लिंकनपेक्षा कितीतरी कडक होता. १८६४ च्या निवडणुकीत त्याने मतदारांकडून अशी शपथ मागितली, की बंडखोरांशी तह करायच्या वाटाघाटींना मी मनापासून विरोध करीन. आता विरोधी पक्ष तहाची भाषा करत होता. म्हणजे मत द्यायच्या आधीच मत ठरवून टाकलं!

हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर उलटा फिरला. २९ मे १८६५ चा त्याचा जाहीरनामा: यापुढे एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, माफी मिळेल आणि मालमत्तेवरचे सर्व हक्क परत मिळतील, गुलाम सोडून. चौदा वर्ग वगळले होते, त्यात वीस हजार डॉलरपेक्षा जास्त मालमत्तावाले होते. त्यांनी स्वतः राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करायचा. दक्षिणेतले जमीनदार आपल्यापुढे टोपी काढून उभे राहावेत, ही या शिंप्याची हौस असावी असं मला वाटतं. तशी ती फिटलीही. सुमारे १५ हजार अर्ज आले. व्हाइट हाउसच्या जिन्यावर रांगा, माफी मिळवून देणारे दलाल, शिफारशी. आणि माफ्या भराभर वाटल्या गेल्या.

मालमत्तेवरचे हक्क परत. हे शब्द नीट वाचा. किनाऱ्यावरच्या त्या जमिनी कोणाच्या होत्या? याच माफी मिळालेल्यांच्या.

मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या खात्याचा प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड. भला माणूस, धार्मिक, लढाईत उजवा हात गमावलेला. जुलैमध्ये त्याने परिपत्रक काढलं, की माफी मिळाली तरी मुक्त लोकांना दिलेली जमीन परत जाणार नाही. जॉन्सनने ते मागे घ्यायला लावलं आणि सप्टेंबरमध्ये उलटं परिपत्रक निघालं. वर हॉवर्डलाच पाठवलं, जा आणि लोकांना समजावून सांग.

ऑक्टोबर १८६५. दक्षिण कॅरोलिनातलं एडिस्टो बेट. तिथल्या चर्चमध्ये लोक खचाखच भरले होते, सज्जातही माणसं. हॉवर्डने सांगायला सुरुवात केली, की जुने मालक परत येणार आहेत, तुम्ही त्यांच्याशी मजुरीचे करार करा. गलका उसळला. नाही, नाही! एका बाईने दुःखाचं एक भजन सुरू केलं आणि सगळं चर्च तिच्यामागे गाऊ लागलं. मग वर सज्जातून एक माणूस ओरडून म्हणाला: जनरलसाहेब, आमची जमीन का काढून घेता? आम्ही सरकारशी कायम इमानी राहिलो. आमच्याकडून घेऊन तुम्ही ती आमच्या जन्माच्या वैऱ्यांना देताय. हे बरोबर नाही.

हे सगळं हॉवर्डने स्वतःच पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

त्या माणसाचा मुद्दा बघा. निष्ठा हाच जर निकष असेल, तर त्या चर्चमध्ये बसलेल्यांइतकं निष्ठावान दक्षिणेत कोण होतं? सैन्याला वाटा दाखवल्या त्यांनी, खंदक खणले त्यांनी, त्यांच्यातले कित्येक उत्तरेचा गणवेश घालून लढले. त्यांच्याकडे शपथ मागायची कोणाला गरजच वाटली नाही. आणि शपथ नाही, म्हणून तिच्याबरोबर येणारे हक्कही नाहीत. गरज सरो, वैद्य मरो.

बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमली: हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री, येट्स सॅम्पसन. त्यांनी हॉवर्डला आणि राष्ट्राध्यक्षांना अर्ज लिहिले. हॉवर्डने त्यांना मालकांना क्षमा करायला सांगितलं होतं. त्यावर समितीने उत्तर दिलं: तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून फोडून काढलं, तोच आता त्याच्या अटींवर राबलो नाही तर मला झोपडीतही राहू देणार नाही. अशा माणसाला मला क्षमा करता येत नाही.

अर्जाचा उपयोग झाला नाही. १८६६ मध्ये मालक परतले. ज्यांचे कागद ठीक होते अशा काहींना जवळच्या ब्यूफर्ट भागात सरकारी जमीन विकत घ्यायची सवलत मिळाली, वीस एकर, एकरी दीड डॉलर. बाकीच्यांनी करार करायचा किंवा जागा सोडायची. सोडली नाही तिथे सैन्याने काढलं. त्याच सैन्याने, ज्याने दीड वर्षापूर्वी त्यांना तिथे आणून बसवलं होतं.

हॉवर्ड एडिस्टोला गेला त्याच महिन्यात, २ ऑक्टोबर १८६५ ला, बंडखोरांचा सेनापती रॉबर्ट ली यानेही शपथेवर सही केली. तो कागद सरकारी दप्तरात कुठेतरी पडला, थेट १९७० मध्ये सापडला, आणि १९७५ मध्ये लीला मरणोत्तर नागरिकत्व परत दिलं. लीच्या कागदावर भरपूर लिहिलं गेलंय. एडिस्टोच्या अर्जावर त्या मानाने फार कमी.

१८६७ मध्ये मुक्त गुलामांचीही शपथेशी गाठ पडली, पण वेगळ्या टेबलावर. काँग्रेसने जॉन्सनला बाजूला सारून दक्षिणेत लष्करी देखरेखीखाली मतदार नोंदणी करायला लावली. मतदाराने शपथ घ्यायची, आणि या वेळी रांगेत काळे पुरुष उभे होते. सात लाखांहून जास्त जणांनी नाव नोंदवलं. मताचा हक्क मिळाला, जमीन मात्र गेलेलीच होती. आणि ज्याच्या शेतावर पोट आहे त्याच्या विरोधात मत किती वर्षं टिकतं, हे सांगायला नको.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. कौतुक योग्यच होतं. पण नेमक्या त्याच वर्षी तिकडे निष्ठेचा आणखी एक हिशेब चालू होता, त्याबद्दल सांगून थांबतो.

१८७१ मध्ये काँग्रेसने तीन आयुक्त नेमले. दक्षिणेतल्या ज्या माणसांनी देशाशी इमान राखलं, आणि तरी ज्यांचं धान्य, घोडे, डुकरं, कुंपणाची लाकडं आपल्याच सैन्याने नेली, त्यांना भरपाई द्यायची. अट एकच, संपूर्ण युद्धभर निष्ठावान असल्याचा पुरावा. इथे शपथ पुरत नव्हती. सरकारलाही एव्हाना कळलं होतं की शपथ कोणीही घेतो. म्हणून प्रश्नावली काढली. वाढत वाढत ती ऐंशी प्रश्नांपर्यंत गेली. बुल रनच्या लढाईची बातमी ऐकून तुम्हाला काय वाटलं? व्हिक्सबर्ग पडलं तेव्हा? शेजाऱ्यांमध्ये तुमचं नाव काय होतं? साक्षीदार आणा. बावीस हजारांवर दावे आले, मागणी सहा कोटी डॉलरची, मिळाले सेहेचाळीस लाखांच्या आसपास.

दावेदारांत पूर्वीचे गुलामही होते. जॉर्जियात लिबर्टी काउंटी नावाचा तालुका आहे (हो, नाव खरंच 'स्वातंत्र्य'). तिथे गुलामांना रोजचं नेमून दिलेलं काम संपवलं की उरलेला वेळ स्वतःचा मिळे. त्यात त्यांनी डुकरं, कोंबड्या पाळल्या, मका लावला, कोणी घोडा घेतला. डिसेंबर १८६४ मध्ये शर्मनचे सैनिक आले, म्हणजे ज्यांची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली ते आले, आणि हे सगळं उचलून घेऊन गेले.

या लोकांच्या निष्ठेबद्दल आयुक्तांना फारशी शंका नसे, ती धरूनच चालत. त्यांचा प्रश्न दुसरा असे: तू स्वतःच मालकाची मालमत्ता होतास, मग घोडा तुझा कसा? मग शेजारीपाजारी येऊन सांगत, की हो, तो घोडा याचाच, आम्ही बघितलाय. आणि काही दाव्यांत हे सांगायला जुना मालक आला, माफी मिळालेला. त्याने शपथेवर साक्ष दिली, की जनावर माझं नव्हतं, याचंच होतं. तेव्हा कुठे काहींना थोडेफार पैसे मिळाले.